मापाला उभी राहिलेली बाई

पहिला महिनाभर आम्ही कागदाचे ब्लाउज शिवले. शिवले म्हणायचं एवढंच, कारण मशिनीला दोराच नसायचा. रद्दी पेपर कापायचा, दोन तुकडे सुईखाली धरायचे आणि पायानं मशीन चालवत कागदाला नुसती भोकं पाडत जायचं. भोकांची ओळ सरळ आली तर बाई मान हलवायच्या. वाकडी आली तर कागद फाडून दुसरा पुढ्यात टाकायच्या. आमच्या माडीखाली मिरचीच्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. त्यानं पोती हलवली की ठसका थेट वर यायचा आणि अख्खा वर्ग शिंकायला लागायचा. शिंक आली तरी ओळ सरळच आली पाहिजे, असं बाईंचं म्हणणं होतं.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. तरुण मुलींना काही हाताचं काम शिकवावं म्हणून शिरूरला एस. टी. स्टँडमागे हा शिवणवर्ग निघाला होता. उद्घाटनाला आलेले पाहुणे आम्ही स्वतःच्या पायावर कशा उभ्या राहणार ते बराच वेळ सांगत होते, मग चहा पिऊन जीपमधून गेले. पुढचं सगळं बाईंवर पडलं. बाई पुण्याकडच्या होत्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, हसणं कमी आणि बोलणं त्याहून कमी. मी स्वभावानं तापट. दोनतीनदा कागद फाडला गेल्यावर मी तोंड वाजवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "राग हातात उतरला की कात्री घसरते. राग घरी ठेवून येत जा." मला ते फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, कारण जाण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

माझे वडील दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये होते, रूळ दुरुस्त करणाऱ्या माणसांत. आठवड्यातून एकदा गावी यायचे. आमचं गाव तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडे, आणि घरात म्हातारी माणसं होती म्हणून आई गावातच राहून लोकांच्या रानात खुरपायला जायची. मी मॅट्रिकला गणितात नापास होऊन घरी बसले होते. मामाच्या गावचं एक स्थळ उंबरा झिजवत होतं. मुलगा चांगला असेलही, मी त्याला पाहिला नव्हता. वडिलांनी दौंडला ऐकलं, की तिथंही असाच वर्ग निघणार आहे आणि शिरूरला पहिल्या खेपेत पास होणाऱ्यांतली एक मुलगी तिथं शिकवायला मदतनीस म्हणून घेणार आहेत. ते घरी येऊन म्हणाले, "पास झालीस तर दौंड. न्हाई तर पाव्हण्यास्नी होकार देतो. मला बी किती दीस थांबवता येणार?" त्यांच्या बोलण्यात धाक नव्हता. ते खरं तेच सांगत होते. वर्गही पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात जाणार होता, म्हणजे परीक्षा एकदाच. त्यामुळे मी राग घरी ठेवायला शिकले.

आमच्या भागात शिंपी बाईच्या अंगाचं माप घेत नसे. जुना ब्लाउज द्यायचा, त्यावरून तो नवा बेतायचा. त्याला मापाचा ब्लाउज म्हणत. घरोघरी असा एकेक ब्लाउज ट्रंकेत असायचा, कधीकाळी बरा बसलेला. बाई जाड होवो, रोड होवो, बाळंत होवो, तिच्या मापाचा ब्लाउज तोच. बाईंना या प्रकाराची चीड होती. "जुन्यावरून नवा बेतला की जुन्याच्या सगळ्या खोडी नव्यात येतात," त्या म्हणायच्या. "माप चिंधीचं घ्यायचं नाही. माप उभ्या बाईचं घ्यायचं." म्हणून परीक्षेचा नियमच होता, की प्रत्येकीनं परीक्षक बाईंसमोर एका बाईचं माप घ्यायचं, तिथंच कापायचं, शिवायचं आणि तिलाच घालून दाखवायचं. आणि ती बाई आपल्या घरातली नको. आपल्या माणसाचं माप डोळे मिटूनही घेता येतं, त्यात परीक्षा कसली.

तेव्हा बाईंनी जोड्या लावल्या. एकीच्या आईनं दुसरीच्या मापाला उभं राहायचं. बायकांना एका एस. टी.नं येता यावं म्हणून जोड्या गावागावाप्रमाणे लागल्या. आमच्या गावच्या आम्ही दोघीच होतो. दुसरी पाटलांची मुलगी.

ती वाईट नव्हती. शिक्रापूरच्या फाट्यावर गाडी बदलताना ती माझी पिशवी धरायची, वर्गात माझ्या खडूनं रेघा मारायची. फक्त गावात उतरलं की "जाते गं" म्हणून ती पुढच्या आळीनं निघायची आणि मी ओढ्याकाठानं. माझी आई त्यांच्याच मळ्यात कांद्याला जायची. ही मुलगी बांधावर आली की माझ्या आईला नावानं हाक मारायची, आणि ते तिलाही चुकीचं वाटत नव्हतं नि माझ्या आईलाही नाही. मला वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी विचारलं, उद्या कोण कोण येणार. माझी आई येणार, असं मी सांगितलं. पाटलांच्या मुलीनं पिशवीतून पेपरात गुंडाळलेला एक ब्लाउज काढला आणि मान खाली घालून म्हणाली, "आईनं मापाचा दिलाय. ती म्हणती, आमच्यात आसंच देत्यात."

खोटं काही नव्हतं, त्यांच्यात तसंच देत, आमच्यातही तसंच. पण इतर मुलींच्या आया येणार होत्या, त्यांच्या जातीतल्याही. तेव्हा हा ब्लाउज कशासाठी आलाय ते माडीवरच्या प्रत्येकीला कळलं.  बाईंनी ब्लाउज उलगडूनही पाहिला नाही.

"उद्या बाई नसेल तर जोडी बसणार नाही," त्या म्हणाल्या. "दोघीही."

परतीच्या गाडीत ती रडत होती. मी तिची समजूत घातली नाही. माझ्याच डोळ्यांपुढं ते स्थळ, त्यांचा गोठा आणि तिथलं माझं आयुष्य उभं राहिलं होतं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "यील ती. लेकीसाठी यील." तुला काय माहीत, म्हणून मी खेकसले. 

सकाळी पाटलीणबाई खरोखरच थांब्यावर उभी होती. जरीकाठी लुगडं, हातात पितळी डबा. माझ्यासाठी ती आलेली नव्हती, हे तिनं माझ्याकडे न बघता स्पष्ट केलं. गाडीत ती पुढच्या बाकावर बसली. आई मागं जाऊन बसली. मी मध्ये कुठंतरी दांडा धरून उभी राहिले, बसायला जागा असूनही.

माझी आई लहानखुरी आहे, असं मी जन्मभर समजत आले होते. ती कायम पुढं गाठ मारायची साधी चोळी घालायची, तीही सैल. हुकांचा ब्लाउज तिनं कधी घातलेला नव्हता. त्या दिवशी तिनं केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता आणि माडीचा जिना चढताना चपला खाली काढून ठेवल्या होत्या. वर कुणी काढल्या नव्हत्या. मी खाली जाऊन तिच्या चपला वर आणून ठेवल्या.

परीक्षक बाई वयस्कर, जाड चष्म्याच्या. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. आपल्यापुढच्या बाईशी हवं ते बोला, पण जोडीदारणीच्या कामात बोललात तर उठवीन.

मी टेप घेऊन पाटलीणबाईसमोर गेले. तिनं पदर सगळा गोळा करून डाव्या हातात धरला होता आणि ती खिडकीतून स्टँडकडं बघत होती. मी छातीभोवती टेप नेली तशी तिनं श्वास धरला. पोट आत, खांदे पुढं. माझी बोटं शक्य तेवढी कमी लागावीत, म्हणून ती टेपच्या आत आखडून उभी होती. मी आकडा वाचला आणि मला कळलं, की हा आकडा हिचा नाही. यावर कापलं तर ब्लाउज कमी पडणार, आणि ती म्हणणार की हिला शिवता येत नाही.

अशा वेळी काय करायचं ते बाईंनी कधी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, "काकी, औंदाचा कांदा कसा निघाला?"

मळ्यातली बाई कांद्यावर गप्प राहू शकत नाही. "निघाला," ती खिडकीकडंच बघत म्हणाली. "पर निम्मा सडला. येळंवर उपटाय नगं? बाया सांगायच्या एका वक्ताला आन् उगवायच्या दुसऱ्या. रोजाचं पैसं मातुर टायमाला पायजेत." ती बोलत गेली आणि टेप माझ्या हातात हळूहळू सैल सोडावी लागली. त्या बायांमधली एक पलीकडे चार हातांवर उभी होती. माझे कान तापले होते. पण माप आता खरं येत होतं, आणि मी ते घेत राहिले. खांदा, बाही, मुंढा, कंबर. ती कांद्यावरून व्यापाऱ्यावर गेली तोवर माझं सगळं लिहून झालं होतं.

मग मी पलीकडं पाहिलं.

पाटलांची मुलगी माझ्या आईचं माप घेत होती. मुलीचं काही चुकत नव्हतं. शिकवल्याप्रमाणे टेपखाली दोन बोटं घालून ती नीट मोजत होती. पण ती एक पाऊल पुढं आली की आई एक पाऊल मागं सरकत होती. सरकत सरकत तिची पाठ एका मशिनीला टेकली. मागं जायला जागा उरली नाही तेव्हा आईनं अंग चोरलं. कोपर पोटाशी, मान खाली, श्वास कोंडलेला. पाटलांच्या दारात पाणी मागायला उभी राहायची तशी. आपला स्पर्श त्या पोरीला होऊ नये, याची काळजी ती अजूनही घेत होती, आणि ती पोरगी तर तिला दोन्ही हातांनी धरून होती.

"मावशी, हात वर करा," मुलगी म्हणाली. मावशी. आईनं हात वर केले, तेही अर्धेच.

आई, श्वास सोड, एवढंच मला म्हणायचं होतं. परीक्षक बाई आमच्या दोघींच्या मध्येच उभ्या होत्या. मी आईच्या नजरेला नजर द्यायचा प्रयत्न केला, पण ती फरशीकडं बघत होती. मुलीनं आकडा लिहिला आणि कापडावर खडू ठेवला. मला माझं कापड बेतायचं होतं. मी बेतलं. त्या दिवशी माझी कात्री एकदाही घसरली नाही, हे मला आजही थोडं विचित्र वाटतं.

दुपारी ब्लाउज तयार झाले. दोरीवर एक लुगडं टाकून कोपऱ्यात आडोसा केला होता. जोडी जोडीनं आत जायचं, आपापल्या बाईला ब्लाउज घालायचा आणि एकामागून एक बाहेर येऊन उभं राहायचं. आमच्या जोडीत पाटलांच्या मुलीचा नंबर आधी, माझा नंतर. त्या आडोशात आम्ही चौघी अंगाला अंग लागेल इतक्या जवळ होतो. माझा ब्लाउज पाटलीणबाईच्या अंगावर बरोबर बसला. तिनं हात वरखाली करून पाहिले.

शेजारी हुक लागत नव्हते. मुलगी दोन्ही कडा ओढत होती आणि मध्ये चांगलं बोटभर अंतर राहत होतं.  "आई, लागंना गं," ती पुटपुटली.

पाटलीणबाईनं बघितलं. तिचा आवाज चढला नाही. "मग ऱ्हाऊ दे. चल घरला. तुजं न्हाई व्हत तर मी का म्हून तमाशाला उभी ऱ्हाऊ?" आणि तिनं माझ्या ब्लाउजचा वरचा हुक काढला.

मला काही सुचेना. माझं काम तिच्या अंगावर होतं आणि ते उतरवून ती जाणार होती. परीक्षक बाईंनी पाहिलंच नाही तर मी काय शिवलं ते कोण सांगणार होतं? 

"थांबा, वैनी," आई म्हणाली.

ती भिंतीकडं वळली. सगळा श्वास तिनं बाहेर टाकला, खांदे जवळ घेतले, पोट पाठीला लावलं, आणि स्वतःच्या हातानं एकेक हुक लावत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती हुक लावत होती. शेवटचा लागल्यावर पदर घेतला आणि लुगडं बाजूला सारून बाहेर जाऊन उभी राहिली.

परीक्षक बाईंनी सावकाश पाहिलं. खांद्याची शिवण चिमटीत धरली, बाहीची दुमड उलटी केली, मागं जाऊन पाठ पाहिली. आईच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. आडोशाच्या फटीतून मी तिच्या नाकपुड्यांकडं बघत होते. त्या हलत नव्हत्या. "जरा अंगाबरोबर झालाय," परीक्षक बाई म्हणाल्या, "पण बसलाय." त्यांनी शेरा मारला आणि पुढची बाई बोलावली. पाटलीणबाई वरचा हुक पुन्हा लावून बाहेर आली.

आमच्या बाई त्या वेळी दाराशी उभ्या होत्या. आई आत परतताना त्यांनी तिला वाट दिली. आडोशात आल्याबरोबर आईनं हुक काढले आणि भिंतीला हात टेकून, तोंड उघडं ठेवून, कितीतरी वेळ नुसती श्वास घेत राहिली. मुलगी तिच्याजवळ गेली, काही म्हणणार होती, पण तिच्या आईनं तिला हाक मारली.

स्टँडवर गाडीला वेळ होता. पाटलीणबाई आणि तिची मुलगी सावलीला बाकावर बसल्या होत्या. आम्ही दोघी नळापाशी उभ्या राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगात नुसता संताप होता, आणि तो कुणावर काढायचा ते समजेना, म्हणून मी तो आईवरच काढला.

"माप देताना नीट उभं ऱ्हायला काय झालं व्हतं? कुणी खाणार व्हतं का तुला?"

आईनं नळाखाली ओंजळ धरली, पाणी प्याली, तोंड पुसलं. "माझंच आंग चुकलं," ती म्हणाली. "त्या पोरीचा काय दोस? तिचं बिघडलं आसतं तर तिची आई गेली आसती निघून. मग तुझं कुणी बघितलं आसतं?"

आडोशात उभं असताना मला जे सुचलं नाही ते तिला सुचलं होतं, आणि करूनही झालं होतं. मी तिथंच नळापाशी रडले. आई म्हणाली, "आता कशाला? झालं की." तिनं आपला परीक्षेतला ब्लाउज पेपरात गुंडाळून पिशवीत ठेवला होता. नियमाप्रमाणे तो तिचाच होता. तो तिनं पुन्हा कधी घातला नाही आणि टाकलाही नाही.

आम्ही दोघीही पास झालो. दौंडची जागा मला मिळाली. पाटलांच्या मुलीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मला आमंत्रण नव्हतं, पण तिनं जाताना आपली कात्री कुणाच्या तरी हाती माझ्याकडं पाठवली. चांगली, वजनदार कात्री. मी ती खूप वर्षं वापरली. दौंडला, पुढं भांडगावच्या वर्गात, मी मुलींना माप घ्यायला शिकवलं ते ठरावीकच होतं, फक्त टेप हातात देण्याआधी मी सांगायचे, की समोरच्या बाईला काहीतरी विचारा. तिच्या रानाचं, पोराबाळांचं, काहीही. ती बोलायला लागल्याशिवाय आकडा लिहू नका.

पण ते सगळं नंतरचं. दौंडला निघायच्या आदल्या दुपारी मी तळेगावच्या बाजारातून गर्द निळं कापड आणलं होतं. वडील मला घ्यायला आले होते आणि बाहेर लिंबाखाली बसले होते. मी आईला घरात उभं केलं. दार उघडं ठेवलं, उजेड यावा म्हणून. टेप लावली, आणि तिनं माझ्यापुढंही अंग चोरलं.

"आये," मी म्हणाले, "मी हाय."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली, पण कोपर पोटाशीच होतं.

"काहीतरी बोल."

"काय बोलू?"

 कांद्याचं विचारावंसं वाटलं नाही. मी टेप तशीच धरून उभी राहिले. मग तीच सुरू झाली. दौंडात पाणी कसं आहे, क्वार्टरला कडी नीट आहे का, तुझ्या बापाला भाकरी थापता येत नाही आणि तुला थापायचा कंटाळा, मग दोघं काय खाणार, सांजच्याला वर्गातून सरळ घरी यायचं, रुळावरनं चालत यायचं नाही, तुझ्या बापाला सवय आहे, तुला नाही. बोलता बोलता ती मला रागावू लागली. हात मोकळे झाले, एक हात कमरेवर गेला. टेप माझ्या बोटांतून सरकत होती आणि मी ती सोडत होते.

माझी आई लहानखुरी नव्हती. खांद्यांनी चांगली रुंद, भरल्या अंगाची बाई होती. तिच्याच घरात वाढून मला ते तोवर माहीत नव्हतं.